थेंबेश्वराची पन्हळ

द्वारका चौकात रिक्षावाले सकाळपासून घसा फोडून ओरडत होते, "थेंबेश्वर! थेंबेश्वर! दोनच सीट, लगेच निघणार!"

तीन आठवड्यांपूर्वी थेंबेश्वर नावाचं देवस्थान जगात नव्हतं. त्या जागी होता नव्या धर्तीच्या बससाठी खांबांवर बांधलेला काँक्रीटचा मार्ग, तोही अर्ध्या किलोमीटरचा नमुना. दोन्ही कडांना गुडघ्याएवढ्या काँक्रीटच्या भिंती आणि मधून धावणार रबरी टायरची बस. लोक त्याला पन्हळ म्हणत. ऐन चैत्रात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, पन्हळीच्या एका सांध्यातून पाणी ठिबकायला लागलं. थेंब पडत तिथे जमिनीतून बोटभर पांढरा उंचवटा वर आला. कुणीतरी त्यावर बेल वाहिला, आणि पुढचं सगळं आपोआप झालं.

म्हणजे आपोआप नाही. निथळनाथ महाराज आले.

"स्वयंभू हाय! कुणी घडवला? कुणी नाय!" महाराज ताटलीत हळद घेत, ती थेंबाखाली धरत, आणि हळद लालभडक होई. "झालं कुंकू! माता पार्वती हजर! सायंटिस्ट आले, मशिनी लावल्या, माना खाली घालून गेले!"

कोणते सायंटिस्ट, हे कुणी विचारलं नाही. बायका भराभर कपाळ पुढे करत होत्या.

उज्वलाला या बसवर ड्रायव्हर म्हणून नेमलं होतं. गर्दीमुळे चाचणी बंद पडली होती. वर जायच्या चढावर फाटकाला भगवं कापड बांधून पाटी लावली होती, 'वर जाणाऱ्यावर देव कोपतो.' तिच्या बसला कुणी झेंडूचे हार घातले होते, बंपरवर नारळ फोडला होता. तेही तिने सोसलं. पण शुक्रवारी सकाळी तिच्या सासूने, मालनबाईंनी, दवाखान्याची पिशवी खुंटीला परत अडकवली.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन नको. म्हाराज डोळ्यात तीर्थ घालणार हायेत. पाच बायांचा नंबर लागलाय, माझा पयला."

"आत्याबाई, एक डोळा तर आधीच गेलाय. हा एकच उरलाय."

"म्हणून तर! एकुलत्या एका डोळ्यावर सुरी फिरवू देऊ व्हय?"

सासू हट्टाने नाही, भीतीने बोलत होती. उज्वला तिच्याबरोबर निघाली.

थेंबेश्वराला दत्तू भेटला. महाराजांचा पट्टशिष्य. तळहातावर तंबाखू-चुना मळून त्याने बार भरला, हात धोतराला पुसले न पुसले आणि चिमूटभर हळद उचलून समोरच्या म्हातारीला टिळा लावायला गेला. हळद त्याच्या अंगठ्यावरच लाल झाली. तिथे ना थेंब होता, ना पार्वती. दत्तूने अंगठा धोतराला पुसला. उज्वला मात्र पाहतच राहिली.

तोवर मालनबाई खुर्चीत मान मागे टाकून बसल्या होत्या. महाराजांच्या हातात ड्रॉपर भरलेला होता.

"थांबा! आत्याबाई, तुमची पानाची चंची द्या."

"आता गं कशाला?"

"द्या तर खरं."

चंचीतली चुन्याची डबी काढून तिने बोटभर चुना तांब्यातल्या पाण्यात कालवला. पाणी ताटलीतल्या हळदीवर ओतलं. हळद लालभडक.

गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "चंचीत पण पार्वती?"

"चुना आहे," उज्वला म्हणाली. "सिमेंट चुनखडी भाजून करतात. काँक्रीटमधून पाणी झिरपलं की चुना सोबत घेऊन उतरतं. थेंब हवेत वाळला की चुन्याचा परत दगड होतो, तो हा तुमचा स्वयंभू. आत्याबाई, चाळीस वर्षं हा देव तुमच्या कमरेला आहे. डोळ्यात घालाल?"

मालनबाई ताठ बसल्या. "आमच्या मालकांच्या डोळ्यात एकदा चुना उडाला व्हता. अंगणभर नाचले व्हते, आन् लग्नात सुद्धा नाचले नव्हते." मग त्या महाराजांकडे वळल्या. "म्हाराज, पयले तुमी घाला. दोनच थेंब."

"मला... आज उपवास आहे."

"डोळ्यांनी जेवता का वो?"

लोक हसले. महाराज चिडले. "चुना म्हणता? मग पाणी कुठून आलं? पाऊस दाखवा! ढग दाखवा!"

"वर जाऊन बघते," म्हणत उज्वलाने फाटकाची किल्ली काढली.

वर पन्हळीच्या खोलगट भागात पाणी काठोकाठ तुंबलं होतं. चढाच्या तोंडाशी टँकरचा पाइप पडला होता. पाणी वाहून जायच्या भोकात गोणपाट ठासून भरलं होतं. उज्वलाने दोन्ही हातांनी हिसडा दिला.

त्या भोकाचा पाइप खाली जिथे उघडत होता, तिथली जागा तीन आठवडे कोरडी आणि सावलीची होती. महाराजांनी नेमकं तिथेच आसन मांडलं होतं. सगळं तीर्थ एकदम आलं. फेटा गेला, ड्रॉपर गेला, दानपेटी तरंगत रस्त्याला लागली. एका भक्ताने हात जोडले, "म्हाराजांना अभिषेक झाला!"

दत्तू रडकुंडीला आला. "टँकर म्हाराजच बोलवायचे, रोज सकाळी. मला वाटलं झाडांना पाणी."

"पन्हळीत झाडं कुठली रे?"

"लावणार असतील, असं वाटलं."

तासाभरात थेंब थांबले. महाराज त्याच टँकरमध्ये बसून निघून गेले. मालनबाईंनी चंची कमरेला खोचली. "चल. अजून नंबर असंल ना दवाखान्यात?" रिक्षात सबंध वाटभर त्यांनी उज्वलाचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

महिन्याने चाचणी पुन्हा सुरू झाली. हिरवी पट्टी उतरलेल्या मालनबाई पहिल्या सीटवर बसल्या. बस पन्हळीत शिरली आणि उज्वलाने स्टेअरिंगवरचे दोन्ही हात मांडीवर ठेवले. बस आपली आपण वळली.

"अगं बाई! हात लाव की! कोण चालवतंय?"

"वाकून बघा, आत्याबाई. दाराच्या काचेतून, खाली."

मालनबाईंनी नव्या डोळ्याने पाहिलं. पुढच्या चाकाशेजारी ताटलीएवढं एक आडवं चाक काँक्रीटच्या भिंतीला घासत गरगर फिरत होतं. भिंत वळे तसं ते वळे, आणि त्याच्यामागे अख्खी बस.

"एवढंसं चाक!" त्या बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. "हे पण नवलच की गं."

"नवलच आहे. पण बघू देतं."

उतरल्यावर स्टॉपवर कुणीतरी त्यांना नव्या एका बाबाबद्दल सांगायला लागलं, तो म्हणे पाण्यावर चालतो. मालनबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खाली वाकून बघू देतो का?"

तुम्हीही एवढंच विचारा.