दोघांचं मिळून वजन

माझ्या भावानं जाताना दोन उभे, जाळीचे पिंजरे माझ्या घरी आणून ठेवले. प्रत्येकात फांदीला धरून बसलेलं एकेक हिरवं पिल्लू.

"शॅमेलिऑन म्हणायचं, ताई."

"सरडे आहेत," मी म्हटलं. ज्याच्या नाकाचा शेंबूड मी पुसला, तो आता मला नावं शिकवणार!

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी एकवीसची. तेव्हापासून त्याला मीच वाढवला. खाली माझं औषधांचं दुकान, वर आम्ही दोघं. तो लिफ्ट दुरुस्त करायला शिकला, कमावता झाला, आणि दोन वर्षांपूर्वी एके दिवशी म्हणाला, "जरा वेगळं राहून बघतो." लग्न नाही, बदली नाही, भांडण तर मुळीच नाही. चार गल्ल्या सोडून त्यानं खोली घेतली. मी तोंडानं बरं म्हटलं आणि मनात राग धरला. त्याची खोली मात्र रोज झाडत होते, चादर बदलत होते. येईल परत, जातोय कुठे, असं मला वाटायचं.

आता सहा आठवडे परगावी एका मोठ्या इमारतीचं काम होतं, म्हणून ही पिल्लं माझ्या गळ्यात. काय करायचं ते त्यानं मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं. सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी फवारायचं, डबीतले छोटे रातकिडे सोडायचे, ऊब देणारा दिवा बारा तास, दर रविवारी वजन. आणि शेवटी दोन रेघा ओढून: दोघांना एकत्र ठेवायचं नाही.

"एकमेकांना दिसूही द्यायचं नाही," पिंजऱ्यांच्या मध्ये पुठ्ठा उभा करत तो म्हणाला.

"अरे, सख्खे भाऊ ना हे?"

"सख्खे असले तरी."

हे मला झोंबलं. सरड्यांबद्दलच बोलत होता, पण झोंबायचं ते झोंबलंच.

तिसऱ्या दिवशी मी पुठ्ठा काढला आणि दोघांना एका पिंजऱ्यात घातलं. रिकामा पिंजरा माळ्यावर टाकला. कारण विचाराल तर धाकटं पिल्लू दिवसभर जाळीला नाक लावून बसायचं, आणि कुणी एकटं पडलेलं मला बघवत नाही. खरं सांगायचं तर एकटी मी पडले होते.

आणि काय सांगू, दोघं कशी गुण्यागोविंदानं राहायला लागली! ना चावणं, ना फिस्कारणं. मोठं पिल्लू दिव्याखाली धाकट्याच्या पाठीवर चढून बसायचं आणि धाकटं हूं की चूं करायचं नाही. मी फोटो काढला. भावाला नाही पाठवला, एवढी अक्कल होती. पण दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवला. गुडघेदुखीचं मलम न्यायला येणाऱ्या एक शिक्षिकाबाई तर नवऱ्याला कोपर मारून म्हणाल्या, "बघा, शिका काहीतरी." मी अशी खूश झाले, जणू मीच त्या पिल्लांना अंड्यातून काढलं होतं.

वजनाचं मी चोख केलं. म्हणजे मला तसं वाटलं. दुकानात सुट्या गोळ्या मी एकेक मोजत नाही, काट्यावर टाकते आणि एकूण वजनावरून आकडा काढते. वीस वर्षांत एक गोळी इकडची तिकडे झालेली नाही. इथेही तेच. दोघं एकाच फांदीवर असायची, ती फांदी उचलून डब्यात, डबा काट्यावर, मग डबा आणि फांदी वजा. सुरुवातीला एकाचं अकरा ग्रॅम आणि दुसऱ्याचं दहा, मिळून एकवीस. पहिल्या रविवारी चोवीस. मग सत्तावीस. मग तीस.

"वजन?" भावाचा निरोप यायचा.

"वाढतंय," मी कळवायचे. त्यात खोटं काही नव्हतं.

चौथ्या आठवड्यात बुधवारी सकाळी पाणी फवारायला गेले, तर धाकटं तळाशी कुंडीच्या काठावर पडलेलं. भर उजेडात डोळे मिटलेले, अंग मातीसारखं काळपट. हात लावला तरी डोळा उघडेना. त्याला एकट्याला काट्यावर ठेवलं. आठ.

मग मोठ्याला ठेवलं. तेवीस.

तीन आठवडे एकजण दोघांचं खात होता आणि मी बेरीज करून खूश होत होते.

डबा छातीशी धरून मी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी भिंगानं तोंड पाहिलं, पोट चाचपलं.

"आजार काही दिसत नाही. खात नाहीये तो. दुसऱ्याबरोबर ठेवलाय का?"

"हो, पण भांडत नाहीत हो. एकमेकांच्या अंगावर बसतात, इतकं प्रेम आहे!"

"प्रेम नाही ते. वरचा खालच्याची ऊब अडवतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि भांडायला कशाला हवं? सारखा समोर दिसला तरी पुरतं. भीतीनं त्याची भूकच मरते."

"वाचेल?"

"वेगळं ठेवा. दिसणार नाही असं. थेंब थेंब पाणी पाजा. मग बघू." 'बघू' म्हणाल्या, 'हो' म्हणाल्या नाहीत.

माझ्याकडे मोठं पिल्लू अजिबात दिसणार नाही अशी एकच जागा होती, भावाची खोली. मी त्याची कॉट भिंतीला उभी केली, माळ्यावरचा पिंजरा पुसून खिडकीशी ठेवला, दिवा लावला. पाणी पाजून झालं की तिथंच स्टूल टाकून बसायचे. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की मी बसले की ते फांदीच्या पलीकडे सरकतं. मग तेही बंद केलं. पाणी द्यायचं, किडे सोडायचे, दार लोटायचं आणि खाली दुकानात जायचं. गिऱ्हाइकाला गोळ्या देताना जीव वरच असायचा. भावाला काय तोंड दाखवू, हा एकच विचार. पाचव्या दिवशी किडे मोजले. सहा सोडले होते, चार होते. मी जिन्यातच डोळे पुसले.

भाऊ परत आला तो थेट दुकानातून वर. मी मागोमाग गेले. आपल्या खोलीत पिंजरा आणि भिंतीला टेकवलेली कॉट बघून तो दारातच थबकला. मी सगळं सांगून टाकलं, पुठ्ठ्याचं, फोटोचं, बेरजेचं. वाटलं ओरडेल. तो ओरडला असता तर मलाही ओरडता आलं असतं.

"आता किती आहे?"

"साडेदहा. एकट्याचं."

तो पिंजऱ्यापासून जरा लांब, जमिनीवर बसला. मला राहवेना. दोन वर्षं जे विचारायचं टाळलं होतं ते विचारलं.

"तू का गेलास रे?"

"रागावणार नाहीस?"

"रागावेन. सांग."

"मला इथे भूकच लागायची नाही, ताई."

वीस वर्षं रांधून वाढल्याचा सगळा हिशेब माझ्या जिभेवर आला. पण मी त्याच्याकडे पाहिलं. गाल भरले होते, मनगटं भरली होती. मी मात्र जगाला सांगत होते, की बाहेरचं खाऊन सुजलाय.

"मी काय केलं होतं?"

"काहीच नाही. तू फक्त बघत असायचीस. जेवलो का, किती जेवलो, आलो का, झोपलो का. तू वाईट असतीस तर भांडलो तरी असतो."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यानं पाणी आणून दिलं आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला. मीही त्याच्याकडे न बघता पाणी प्यायले.

"ताई," तो तसाच उभा राहून म्हणाला, "खायला आहे का काही?"

इतक्या वर्षांत त्यानं कधी आपणहून मागितल्याचं मला आठवत नाही. मी ताट वाढून टेबलावर ठेवलं, आणि गिऱ्हाईक आलं असेल म्हणून खाली निघून गेले.