सण्णप्पाच्या डोळ्यांची आखणी

मी एक जुना भालाईत आहे, मित्रांनो. उंची तुमच्या अंगठ्याएवढी, वजन चार-पाच सुपाऱ्यांचं, आणि आजवर लढाई एकही केलेली नाही. हसू नका. माझी तयारी कधीचीच होती. मला तयार करणाऱ्यांचंच आवरत नव्हतं.

उदगीरला, किल्ल्याच्या अंगाच्या एका गल्लीत, बसवंत सरांच्या घरी माझा जन्म झाला. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले, शाल-नारळ घेऊन घरी आले आणि आठ दिवसांत कंटाळले. त्यांचे मित्र उमाशंकर सर इतिहासाचे. तेही त्याच वर्षी निवृत्त झालेले. त्यांच्या डोक्यात एक खेळ होता. उदगीरच्या लढाईतल्या दोन्ही फौजा, मराठ्यांची आणि निजामाची, मोठ्या फळीवर मांडायच्या. फासे टाकून शिपाई पुढं सरकवायचे, टेपनं अंतर मोजायचं, आणि गल्लीतल्या पोरांना इतिहास पाठ करायला न लावता खेळायला लावायचा. "नियम मी करतो, सर. फौज तुम्ही करा," असं ते म्हणाले. सहाशे शिपाई ठरले. सहाशे हा आकडा तोंडानं म्हणायला फार सोपा आहे.

सरांनी मेणाचा एक शिपाई कोरला, त्यावरून रबराचा साचा घेतला आणि कथील-शिसं वितळवून त्यात ओतलं. ओतण्याआधी साच्यात पावडर भुरभुरायचं काम त्यांच्या बायकोचं, रत्नम्माचं. अंगाला लावायची साधी पावडर, पण ती नसली तर धातू कानाकोपऱ्यांत पोचत नाही. म्हणून माझी पहिली आठवण चटक्याची आणि पावडरीच्या वासाची आहे. सगळ्यांत पहिला मी निघालो. आत बुडबुडा राहिल्यानं माझं नाक चपटं झालं होतं. सर मला परत भांड्यात टाकणार, तेवढ्यात रत्नम्मानं त्यांचा हात धरला.

"अय्यो, राहू द्या की त्याला! माझ्या थोरल्या मामाचं नाक हाय हे. ह्यो माझा सण्णप्पा."

रत्नम्माचं माहेर भालकीकडचं, कानडी मुलखातलं. सण्ण म्हणजे लहान. असा मी फौजेतला एकुलता एक नाव असलेला शिपाई झालो आणि स्वैपाकघराच्या खिडकीत राहायला गेलो. बाकीचे खोक्यांत. मला त्याचा थोडा गर्व होता, तो मी कशाला लपवू?

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेव्हा मला काहीच दिसत नव्हतं. कान साच्यातूनच मिळाले होते, पण डोळे रंगानं यायचे असतात. आणि डोळ्यांच्या बाबतीत सरांचा एक नियम होता.

तरुणपणी सरांनी गणपतीच्या कारखान्यात काम केलं होतं. तिथल्या उस्तादांची शिस्त अशी, की आधी सगळ्या मूर्तींचं अंग रंगवायचं, मग सगळ्यांचं पितांबर, मग सगळ्यांचे दागिने. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी, आणि तीही सगळ्यांची एकाच बैठकीत. एकदा हात बसला की सगळ्यांची नजर सारखी उतरते. शिवाय डोळे आखल्यावर मूर्ती बघायला लागते, मग तिला अर्धवट ठेवू नये. हे अगदी बरोबर आहे, मित्रांनो. पण ते चाळीस गणपतींसाठी बरोबर आहे. त्यांना चतुर्थीची तारीख असते. आम्हाला कुणी तारीख दिलेली नव्हती.

पहिलं वर्ष झकास गेलं. सर सकाळी आठला ओसरीवर बसायचे, गुणगुणत रंग कालवायचे. सगळ्यांची पागोटी झाली. मग अंगरख्यांना सुरुवात झाली आणि गुणगुणणं थांबलं. सहाशे अंगरखे! दिवसभर मान मोडून बसायचं, आणि संध्याकाळी बघावं तर एकही शिपाई पुरा झालेला नाही. पागोटं आहे तर पाय उघडे, अंगरखा आहे तर तोंड कोरं. दुसऱ्या दिवशी परत तेच.

मग कारणं सुरू झाली. उन्हाळ्यात रंग डबीतच वाळतो, पावसाळ्यात शिपायावरही वाळत नाही. चष्म्याचा नंबर वाढला, लाईट गेली, ब्रशाचं टोक फुटलं. नवे ब्रश आणण्यात एक आठवडा गेला, खोक्यांवर सुबक अक्षरात पथकांची नावं घालण्यात दोन. टाळेबंदीत घराबाहेर पडायची सोयच नव्हती. तेव्हा तरी सर रंगवतील असं आम्हाला वाटलं, तर त्यांनी आणखी दोनशे चाळीस शिपाई ओतले! ओतण्यात मजा असते, रंगवण्यात कष्ट असतात. सहाशेचे आठशे चाळीस झालो.

उमाशंकर सर मधूनमधून चहाला यायचे आणि टोमणे मारून जायचे.

"काय सर, तिकडं निजाम वाट बघून म्हातारा झाला की हो! तुमचे अंगरखेच चालून राहिले."

"होईल, होईल. दिवाळीपर्यंत होईल."

"कोणत्या दिवाळीपर्यंत? माझं ऐका. दहा-दहाची टोळी घ्या, पायापासून डोळ्यांपर्यंत पुरी करा, कपाटात मांडा. डोळ्यांसमोर दिसलं की हुरूप येतो माणसाला. न्हाईतर तसेच द्या, पोरं बिनरंगाच्या शिपायांनी खेळतील."

"उघड्या अंगानं शिपाई मैदानात? न्हाई जमायचं. आणि आखणी शेवटीच होत असती. उस्तादांचं सांगणं हाय."

रत्नम्माचं मागणं त्याहून लहान होतं. तिला दहा नको होते, एकच हवा होता. "एवढ्या एकाला तरी डोळे काढा की," ती मला ओसरीवर घेऊन जाऊन म्हणायची. "माझ्या सण्णप्पाचं तोंड बघायचंय मला. सहा वर्सं झाली, नुसतं नाकच बघून राहिले."

"सगळ्यांचे संगटच होतील. एका दिवसात आठशे चाळीस जण तुझ्याकडं बघतील. मग बघ!"

ती हसायची आणि मला खिडकीत परत ठेवायची. मला मात्र राग यायचा. एका शिपायाचे दोन ठिपके काढायला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात सर नुसता चहा फुंकायचे.

मग घरात वेगळेच आवाज यायला लागले. रत्नम्मा दाराच्या चौकटीला धडकायची. कोपऱ्यातली घागर लाथाडली जायची. मला खिडकीतून उचलताना तिचा हात पूर्वी सरळ माझ्यावर यायचा, आता तो आधी भिंत चाचपायचा, मग फळी, मग मी. घागर तिसऱ्यांदा सांडली तेव्हा सरांनी तिला लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. संध्याकाळी दोघं परत आले. नंतर सर ओसरीवर उमाशंकर सरांना सांगत होते, ते मी ऐकलं. काचबिंदू होता. कडेकडेची नजर कधीच गेली होती, मधली थोडी उरली होती. गेलेली परत येणार नव्हती. उरलेली औषधानं टिकली तर टिकेल, नाहीतर वर्ष-सहा महिने.

त्या दिवसापासून सर झपाटल्यासारखे बसले. पहाटेचा चहा झाला की ब्रश हातात. आता तरी ते मला उचलतील, दोन ठिपके काढतील आणि तिच्यासमोर धरतील, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं. पण त्यांना तिला एक शिपाई दाखवायचा नव्हता, सगळी फौज दाखवायची होती. म्हणून त्यांनी राहिलेली पागोटी-अंगरखे उरकून आधी कमरेचे आठशे चाळीस पटके घेतले, मग आठशे चाळीस जोडे. मी त्यांना वेडं म्हणत नाही, मित्रांनो. प्रेमापोटीच घाई करत होते बिचारे, पण वाट तीच जुनी धरून.

रोज दुपारी ते दोन-तीन शिपाई तिच्या हातात द्यायचे.

"बघ बरं. कसा दिसतोय?"

"आज कुठला रंग घेतलाव?"

"निळा. पटक्याला."

"हाव, निळा लई खुललाय. थांबू नका आता."

आणि सर परत गुणगुणायला लागले. किती वर्षांनी! ते गुणगुणणं ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. कारण सकाळी भांडी घासताना ती खिडकीशी माझ्याशी बोलायची.

"सण्णप्पा, तुझं पागोटं बी दिसंना रे आता मला. नुसतं उजेडाचं हाय-न्हाय तेवढं कळतंय. त्यांना सांगू नको, बाबा. लई दिवसांनी हात चालून राहिला त्यांचा. दिसंना म्हटलं की ब्रश खाली ठेवतील, मग परत उचलायचे न्हाईत."

सांगू नको म्हणे! सांगण्यासाठी मी जिवाचं रान केलं असतं, पण कथलाच्या तोंडातून आवाज निघत नाही. तीन महिन्यांनी परत दाखवायला या असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "जोडे होऊ द्या, मग जाऊ," म्हणून ती टाळत राहिली. औषधाचे थेंब ती घालायची. पण दिसत किती आहे, हे तिनं कुणाला कळू दिलं नाही. आणि सरही त्या जोड्यांत इतके बुडाले होते, की ज्या डोळ्यांसाठी हा खटाटोप चालला होता, त्या डोळ्यांत एकदा नीट बघायचं त्यांना सुचलं नाही.

शेवटी जोडे संपले. त्या दिवशी सकाळी सर तिला हाताला धरून ओसरीवर घेऊन आले. मी तिच्या मुठीत होतो. "उद्या आखणी!" ते म्हणाले. आवाजात इतका आनंद होता, की मीसुद्धा मोहरलो. "हे घे, शेवटचा जोडा आत्ताच झाला. काळा. बघ, पायापासून डोक्यापर्यंत तयार हाय." गडबडीत त्यांनी शेजारच्या खोक्यातून एक शिपाई उचलून तिच्या दुसऱ्या हातात दिला.

"हाव," रत्नम्मा म्हणाली. "काळा जोडा लई शोभतोय. अन् लाल पागोटं तर काय, उठून दिसतंय."

सरांचं लक्ष आता तिच्या हाताकडं गेलं.  त्यांनी चुकीच्या खोक्यात हात घातला होता. तिच्या हातातला शिपाई भाला मोडलेल्या एका शिपायाच्या बदल्यात आदल्याच दिवशी ओतलेला होता. त्याच्या अंगावर रंगाचा एक थेंबही नव्हता.

"रत्नम्मा," सर म्हणाले, "कधीपासून?"

"पटक्यांच्या टायमाला."

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही गुणगुणत होतात."

सर रडले. मोठा माणूस तोंडावर हात दाबून रडतो तेव्हा कसा आवाज येतो, तो मी त्या दिवशी ऐकला. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, "साकु, साकु. पुरे आता." मग सर उठले. तिच्या मुठीतून त्यांनी मला काढून घेतलं आणि ब्रश पाण्यात बुडवल्याचा आवाज झाला. उस्तादांचा नियम मोडला. आठशे एकोणचाळीस जणांना मागं ठेवून त्यांनी माझे डोळे आखायला घेतले.  आधी पांढरा, गार थेंब. मग काळा.

आणि मला दिसलं.

सगळ्यांत आधी उजेड दिसला. मग सर दिसले, आवाजावरून मला वाटत होते त्यापेक्षा खूप म्हातारे. मग त्यांनी मला तिच्या तोंडासमोर धरलं, आणि मित्रांनो, मी माझ्या रत्नम्माला पहिल्यांदा पाहिलं. कपाळावर भस्माची पुसट बोटं, डाव्या गालावर तीळ, आणि मोठे, सुंदर, टक्क उघडे डोळे. ते माझ्याकडं वळले होते, पण माझ्यावर नव्हते. माझ्या कानाजवळून पलीकडं कुठंतरी बघत होते.

"झाले का डोळे?" तिनं विचारलं. "कसा दिसतोय माझा सण्णप्पा?"

उत्तराची वाट न बघता तिनंच हात पुढं करून मला घेतलं आणि अंगठा माझ्या तोंडावरून फिरवला, कपाळावरून खाली, चपट्या नाकापर्यंत.

"अगं, ओला हाय!" सर ओरडले, पण तोवर माझा उजवा डोळा गालावर ओघळला होता.

"पुसला का हो?" ती घाबरून म्हणाली. "परत काढा की."

"न्हाई," सर म्हणाले. "असू दे तसाच."

आता मी परत खिडकीत असतो. उजव्या डोळ्याच्या जागी तिच्या अंगठ्याचा ठसा वाळला आहे. सर आता रोज एकच शिपाई घेतात आणि त्याच दिवशी त्याचं तोंड डोळ्यांसकट पुरं करतात. पुरता वाळल्यावरच तिच्या हातात देतात आणि त्याचं तोंड कसं आहे ते सांगतात. आजवर एकशे अकरा झाले. उमाशंकर सरांनी तेवढ्यांवरच खेळ मांडलाय, पोरं येतात, फासे खडखडतात. सर मात्र गुणगुणत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी म्हणत असेल, "झालं तेवढं दाखव की." त्याला "सगळं झाल्यावर" असं सांगू नका. एक तरी पुरं करा आणि त्याच दिवशी त्याच्यासमोर धरा. आणि धरल्यावर तो छान म्हणाला, तर त्याच्याकडंही एकदा नीट बघा.

रत्नम्मा रोज सकाळी भिंत चाचपत खिडकीशी येते, मला हातात घेते आणि विचारते, "सण्णप्पा, दिसतंय का रे तुला?" मला दिसतं. उरलेल्या एका डोळ्यानं मी तिला दिवसभर बघत असतो.