सरकत्या टेबलाचं सहावं गिऱ्हाईक

खटॅक.

मोजपट्टीचं टोक हातातून निसटलं आणि पोलादी फीत चाबकासारखी डबीत शिरली. घरात इतकी शांतता होती की तिला वाटलं, हा आवाज मागच्या गल्लीतही ऐकू गेला असणार. गॅरेजच्या मधोमध गुडघ्यांवर बसल्याबसल्या तिनं श्वास रोखला आणि भिंतीपलीकडचा कानोसा घेतला. एक, दोन, तीन. चारला आतून हाक आली. लेकीची दुपारची झोप संपली.

निदान मापं घेऊन झाली होती. तीही चौथ्यांदा. उत्तर प्रत्येक वेळी तेच येत होतं: मशीन बसतं, त्याचं सरकतं टेबल पूर्ण मागेपुढे जायलाही जागा उरते, फक्त नवऱ्याची व्यायामाची सायकल बाहेर काढावी लागेल. त्या सायकलीवर गेली दोन वर्षं ओल्या टॉवेलांखेरीज कोणी बसलं नव्हतं, पण विषय काढला की नवरा अशा चेहऱ्यानं बघायचा, जणू उद्यापासून तो स्पर्धेलाच उतरणार होता.

मशीन म्हणजे पाच कामांचं जुनं कॉम्बिनेशन मशीन. करवत, रंधा, जाडी काढायचा रंधा, कडांना नक्षी आणि खाचा पाडायची सोय, सगळं एकाच धडात. आणि करवतीला सरकतं टेबल, म्हणजे आख्खी फळी टेबलावर ठेवायची आणि टेबलासकट पात्यावरून ढकलायची. ती सहा वर्षं फर्निचरच्या कारखान्यात अशाच करवतीवर उभी होती. मग लेक झाली. आता नवरा शाळेतून तीनला घरी आला की त्यानं लेकीला सांभाळायचं आणि हिनं गॅरेजमध्ये सुतारकाम करायचं, असं चाललं होतं. पण हातकरवतीनं एक कपाट करायला तीन आठवडे लागत. लोक कपाट मागवत आणि कपाट येईपर्यंत घर बदलत.

वर जुन्या कारखान्यातल्या फोरमनचा फोन. तुझ्यासाठी जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतो, पुढचं माझ्या हातात नाही, असं त्यानं चांगुलपणानं सांगितलं होतं. कारखाना म्हणजे सकाळी सहाला घर सोडायचं आणि संध्याकाळी सातला यायचं. पोटची पोर फक्त झोपलेली बघायची. मशीन मिळालं तर तेच तीन आठवड्यांचं कपाट तीन दिवसांत होणार होतं आणि मग फोरमनला नम्रपणे नाही म्हणता येणार होतं. महिना संपायला नऊ दिवस होते. अशा मशीनची परवडणारी जाहिरात वर्षभरात ही एकच आली होती. तिच्यात शेवटी लिहिलं होतं: बघ्यांनी येऊ नये.

बेत नवऱ्याचा. तो गणिताचा मास्तर, त्यामुळे त्याच्या बेतांना क्रमांक असत. त्याचं म्हणणं असं, की सुतारीणबाईंना मशीन दिसलं की त्यांची लाळ गळते, आणि लाळ दिसली की विकणारा डोक्यावर बसतो. तेव्हा बोलणी तो करणार. बाईंनी फक्त कंटाळलेली बायको म्हणून सोबत यायचं, छताकडे बघायचं आणि मधूनमधून सुस्कारा सोडायचा. काय विचारायचं ते तिनं लिहून द्यायचं. तिनं बावीस प्रश्न लिहून दिले. त्यानं ते शाळेच्या हजेरीपुस्तकाच्या मागे उतरवून घेतले. लेकीला सांगण्यात आलं, की आपल्याला मशीन आवडलंय असं अजिबात दाखवायचं नाही. लेक चार वर्षांची. तिनं गंभीरपणे मान हलवली.

विकणारा उंच, वाकलेला, खिशात हात घालून उभा असलेला म्हातारा होता. आयुष्यभर दारं-खिडक्या केलेला माणूस. परसातल्या त्याच्या पत्र्याच्या कामशाळेत पाऊल टाकलं आणि हिची नजर थेट खिडकीकडे गेली. मशीन खिडकीखाली उभं होतं. बिडाचं टेबल असं लख्ख की त्यात खिडकी दिसावी. तिनं घाईघाईनं छताकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. सुस्कारा मात्र अगदी खरा निघाला.

नवऱ्यानं हजेरीपुस्तक उघडलं. पहिला प्रश्न मशीनच्या वयाचा. म्हाताऱ्या काकांनी वय सांगितलं. "शाबास," नवरा सवयीनं म्हणाला आणि दुसऱ्यावर गेला. मोटर किती फेजची, बेअरिंग कधी बदलले, पट्टे मूळचे की नंतरचे. उत्तर काहीही येवो, तो टिकमार्क करायचा आणि पुढे सरकायचा. तिसऱ्या उत्तरातच काकांनी सांगून टाकलं होतं, की गेल्या दिवाणखान्याच्या कामानंतर नक्षी पाडायचं यंत्र बंद ठेवलंय, त्याचा एक स्क्रू झिजलाय. तरी नवव्या क्रमांकावर नवऱ्यानं विचारलंच, की नक्षीचं यंत्र सुरळीत चालतं ना. आणि चकाकणाऱ्या टेबलावर कोपर टेकवून अकरावा: कुठे गंज वगैरे?

काकांनी टेबलाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, की साहेब परीक्षक वगैरे आहेत का कुठे.

इकडे दारात काकांची बायको, काकू, लेकीला बिस्किट देत होत्या. काकूंना हे धूड एकदाचं जायला हवं होतं. त्यांना तिथे कपडे वाळत घालायला दोऱ्या बांधायच्या होत्या. पण यांचं काहीतरी भलतंच, असं त्या हिला हळू आवाजात सांगत होत्या. पाच गिऱ्हाइकं आली, पैसे घेऊन आली, आणि पाचही यांनी हाकलली. एकाला तर गेटपर्यंत सोडायला गेले आणि वरून म्हणाले, त्यापेक्षा बुद्धिबळ खेळा.

"आम्हाला मशीन खूप आवडलंय," लेक बिस्किट खात म्हणाली, "पण आम्ही दाखवत नाहीये."

काकूंनी हिच्याकडे पाहिलं. हिनं छताकडे. छतात बघण्यासारखं काही नव्हतं, ते तिला एव्हाना पाठ झालं होतं. काकूंनी पदराआड हसू लपवलं आणि लेकीला दुसरं बिस्किट दिलं. भांडं फुटलं होतं, पण सुदैवानं ते बायकांच्याच बाजूला फुटलं होतं.

बाविसावा प्रश्न संपला. नवऱ्यानं पुस्तक मिटलं आणि विजयी चेहऱ्यानं आता व्यवहाराचं बोलू या म्हटलं. काकांनी कोपऱ्यातली एक फळी काखेत धरून आणली आणि टेबलावर ठेवली.

"कापून दाखवा."

यादीत हे नव्हतं. नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. बायको कंटाळलेली असल्यामुळे तिनं डोळ्यांनी फक्त नको, नको, नको एवढंच सांगितलं. पण मास्तर माणूस, फळ्यापुढे उभं राहून कधी माहीत नाही म्हटलेलं नाही. फळीला फळी म्हणतात आणि फळ्याला फळा, एवढ्या ओळखीवर तो पुढे झाला. फळीच्या नेमका मागे, पात्याच्या सरळ रेषेत, छाती काढून उभा राहिला. फळी उसळली तर घोड्याच्या लाथेसारखी जिथे येऊन बसते, बरोबर तिथे. शर्टाची बाही मनगटावर लोंबत होती. डावा हात पात्यापासून वीतभर.

आणि तेव्हा तिला ते दिसलं. पात्याच्या मागे एक चपटी पोलादी पट्टी उभी असते. कापलेल्या फळीच्या दोन फाका पुन्हा मिटून पात्याला चिमटा बसू नये म्हणून. ती पट्टी जागेवर नव्हती.

नवऱ्याचा अंगठा हिरव्या बटणाकडे निघाला.

कारखान्यात चाळीस यंत्रांच्या वर जाणारा एक आवाज असतो. तो गेली चार वर्षं तिच्या गळ्यात पडून होता. "हात मागे," एवढेच दोन शब्द ती म्हणाली. तीन ढांगांत पोचून तिनं लाल बटणावर तळहात मारला आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याला कॉलर धरून बाजूला ओढलं. हजेरीपुस्तक भुशात पडलं. लेकीचं बिस्किट तोंडातच थांबलं.

मशीन सुरूच झालं नव्हतं. काकांच्या हातात वायरीचं टोक होतं. प्लग त्यांनी आधीच काढून ठेवला होता.

"सहावा मेला," काका शांतपणे म्हणाले. मग हिच्याकडे वळले. "ही कोण?"

नवरा म्हणाला, की बायको. काका म्हणाले, ते कळलं, पण ही कोण. मग मात्र तिनं सगळं ओकून टाकलं. कारखाना, सहा वर्षं, फोरमन, नऊ दिवस, छताकडे बघायचा बेत. बेताचं सांगताना तिचे कान तापले. इतका वेळ एका म्हाताऱ्या माणसाला बनवत होतो, हे आता त्याच्याच तोंडावर सांगावं लागत होतं. काकांनी मध्येच तिला थांबवलं.

"खोटं बोललीस ते बोललीस. यात चुकीचं काय काय आहे ते सांग."

तिनं अंगठी काढून नवऱ्याच्या हातात दिली, केस गुंडाळून बांधले आणि मशीनभोवती एक फेरी मारली. पट्टी काढलेली आहे, ती म्हणाली. बाजूची गाईड मागच्या टोकाला पात्याकडे झुकलीय, फळी चेपणार. मुद्दाम झुकवलेली असणार, कारण एवढं टेबल पुसणारा माणूस गाईड तिरकी ठेवत नाही. आणि ही फळी पिळलेली आहे, ही मुळात करवतीवर यायलाच नको, आधी रंध्यावर जायला हवी.

काकांनी खिशातून ती पोलादी पट्टी काढली. तीच, इतका वेळ तिथेच. ती पात्यामागे बसवायला म्हणून पाना घेतला आणि वाकले. पाना नटावर बसेना. बिडावर नुसता टकटक, टकटक वाजत राहिला. काकांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. मग दोन्ही हात वाजायला लागले.

"आजोबा, थंडी वाजतेय?" लेकीनं विचारलं.

"हो," काका म्हणाले. खिडकीतून ऊन सरळ त्यांच्या पाठीवर येत होतं.

काकू दोऱ्यांचं काहीतरी बोलत होत्या, त्यांनी लेकीला जवळ ओढलं. हिनं पुढे होऊन काकांच्या हातातून पाना घेतला. त्यांनी घेऊ दिला. तिनं पट्टी बसवली, गाईड सरळ केली, कोपऱ्यातून एक शहाणी फळी निवडली. लेकीला काकूंसोबत दाराबाहेर उभं केलं. काकांनी प्लग लावला. तो मात्र एका झटक्यात बसला, आणि तो बसलेला सगळ्यांनी पाहिला ना, हे त्यांनी बघून घेतलं.

पात्याचा आवाज वर चढला आणि स्थिर झाला. ती बाजूला उभी राहिली, टेबलाला हलका रेटा दिला. टेबल असं गेलं, जणू त्याला स्वतःलाच तिकडे जायचं होतं. फळीच्या दोन फाका झाल्या. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या खांद्यातून काहीतरी खाली उतरलं आणि तिला हसू आलं. भुसा दातांत गेला तरी ती हसतच होती.

काकांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग उलटा. लाकडावर टेकलेला असताना तो हात हलत नव्हता.

व्यवहार दोन मिनिटांत झाला. नवऱ्यानं किमतीवरून तोंड उघडलं तेव्हा काका म्हणाले, तुम्ही मेलेले आहात, तुम्ही बोलू नका. जाहिरातीतल्याच आकड्यावर तिनं मान हलवली. टेम्पो परवा येणार होता. काकांनी सगळं सांगितलं: सरकत्या टेबलाच्या रुळांना तेल लावायचं नाही, भुसा चिकटतो, नुसतं कोरड्या फडक्यानं पुसायचं. पावसाळी हवेत टेबलाला मेण. झिजलेला स्क्रू कुठे मिळेल त्याचा पत्ता. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, ऐकलं तिनं. काका म्हणाले, अजून एकदा ऐकू दे. ती म्हणाली, "सांगा काका." आणि त्यांनी चौथ्यांदा सांगितलं. ती ऐकत राहिली.

मग त्यांनी मशीनवर जुनी चादर घातली. एक टोक खाली राहिलं, ते उचलायला गेले तर दुसरं घसरलं. नवरा मदतीला निघाला, तिनं त्याची बाही धरली. तिसऱ्या खेपेला चादर नीट बसली. काकांनी हात पुन्हा खिशात घातले.

लेक इतका वेळ दारात उभी राहून त्यांच्या खिशाकडेच बघत होती. दुसऱ्याची वस्तू वापरून झाली की परत करायची, हे तिला घरात रोज ऐकवलं जायचं. ती आत आली, आईचा भुशानं माखलेला कुर्ता ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आई, आजोबांचे हात बरे झाले की आपण हे परत द्यायचंय ना?"