आचारी, आचार्य आणि मी

मी एक जुनी तक्रार आहे. लगेच नाक मुरडू नका मित्रांनो, मी कटकट करणाऱ्यांपैकी नाही. संगणकाच्या प्रोग्राममध्ये चूक सापडली की ती कळवण्यासाठी जी नोंद करतात, ती मी. आयटीवाले मला ‘बग’ म्हणतात. बग म्हणजे किडा! चूक दुसऱ्याची आणि किडा मी. असो.

माझा जन्म धायरीत, सत्यशीलाबाईंच्या टायपिंगच्या दुकानात झाला. तेव्हा पुण्यात घरटी कोणी ना कोणी हिंजवडीला आयटी कंपनीत कामाला जाऊ लागले होते. सत्यशीलाबाईंची लेक श्रद्धा त्यातलीच. तिने आईच्या संगणकावर मराठी लिहिण्याचा एक फुकट प्रोग्राम बसवून दिला. तो कोणा कंपनीचा नव्हता. जगभरातली हौशी माणसे मिळून तो बनवत आणि सुधारत असत.

सत्यशीलाबाईंचे वडील हिंमतराव विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात आचारी होते. जन्मभर त्यांनी पोरांना जेवू घातले. त्या पोरांपैकी कोणी साहेब झाले, कोणी प्राध्यापक. त्यांनीच ठरवले, की वस्तीतल्या बुद्ध विहाराच्या सभागृहात हिंमतरावांचा सत्कार करायचा. पत्रिका अर्थातच लेकीने करायची. तिने हौसेने लिहिले, ‘आमच्या आचाऱ्यांचा सत्कार’. पडद्यावर उमटले, ‘आमच्या आचार्यांचा सत्कार’. पुन्हा लिहिले, पुन्हा तेच.

हिंमतरावांनी चष्मा पुसून पाहिले. “सत्यशीला, मी आचार्य कधी झालो गं?”

“बाबा, मशीन ऐकतच नाही.”

“मग मशीनलाच बसव स्टेजवर. मी भात शिजवलाय, ग्रंथ नाही लिहिले. दुसऱ्याच्या पदवीखाली मी नाही बसायचा.”

म्हातारा शब्दाचा पक्का होता. पेंटरकडून हाताने लिहून घेता आले असते. पण स्वतःचे दुकान असताना बापाची पत्रिका दुसऱ्याने करावी, हे सत्यशीलाबाईंना पटेना. “आई, बग टाक ना,” श्रद्धा म्हणाली. अशी मी जन्मले.

तक्रार जन्मली की ती कोणाच्या तरी पदरात घालावी लागते. हे वाटपाचे काम पुण्याचाच अभय नावाचा तरुण नोकरी सांभाळून हौसेने करत असे. मुलगा गुणी, पण घाईचा. ‘शब्द चुकतो’ एवढेच वाचून त्याने मला शुद्धलेखनाचा कोश सांभाळणाऱ्या गृहस्थांकडे धाडले. ते म्हणाले, “आचारी आणि आचार्य, दोन्ही शब्द कोशात आहेत. चूक नाही.” आणि ‘निकाली’ असा शिक्का मारून मला बंद केले! श्रद्धाने पुन्हा उघडले. मग अभयने मला जर्मनीतल्या फॉन्टवाल्याकडे पाठवले. तो बिचारा म्हणाला, “माझ्या पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात.” अरे बाबा, तेच तर माझे दुखणे होते! पुन्हा बंद.

मला फार वाईट वाटले, मित्रांनो. शिव्या सोसता येतात, पण नीट न वाचता बंद केलेले सोसत नाही. इकडे सत्काराचा दिवस जवळ येत होता. हिंमतराव रोज दुकानात डोकावून विचारत, “काय, उतरली का माझी पदवी?”

शेवटी श्रद्धाने मला आणखी एकदा उघडले आणि सत्यशीलाबाईंनी स्वतः माझ्याखाली लिहिले: ‘अहो, आपण मराठी आहात ना? मग हे वाक्य मोठ्याने म्हणा. एकदा स्वयंपाक्याचा सत्कार म्हणून, एकदा गुरुजींचा.’

अभयने ऑफिसच्या कँटीनमध्येच म्हणून पाहिले. ‘आचार्यांचा’ म्हणताना जीभ ‘र’वर अडखळली. ‘आचाऱ्यांचा’ म्हणताना सुळकन निसटली.

“काय रे, मंत्र म्हणतोयस का?” समोरच्या मित्राने विचारले.

“अरे, हे स्पेलिंगचं नाहीच! ‘र’ जोडण्यातच गडबड आहे!”

मग त्याने प्रथमच पाहिले, की ‘र’ जोडण्याचा तो भाग मुळात लिहिला कोणी. नाव निघाले नीरजा, राहणार कात्रज. मी जर्मनी पाहून आले आणि मला बरे करणारी बाई धायरीच्या शेजारी! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

नीरजाताईंनी मला वाचताच कपाळावर हात मारला. “हा घोळ माझाच. मला आधी का नाही दिलंत?”

“कोणाचं काम, हे बघितलंच नाही हो ताई,” अभय ओशाळून म्हणाला.

चूक दुरुस्त झाली. पत्रिका छापली गेली. हिंमतरावांनी ‘आचाऱ्यांचा’मधल्या ‘र’च्या त्या नाजूक रेघेवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “आता येतो.” आले, ताठ मानेने स्टेजवर बसले. खाली उतरताच आमटीची चव घेऊन म्हणाले, “सत्कार झकास. मीठ कमी.”

मित्रांनो, तक्रारीचे आयुष्य बंद होण्यातच सफल होते. पण नुसते बंद करणे आणि मिटवणे, यांत आचारी आणि आचार्य यांच्याइतकाच फरक आहे. तुमच्याकडे कोणी तक्रार घेऊन आले, तर आधी ती पुरती वाचा, आणि ज्याला ती कळेल त्याच्याच हाती द्या.

मला बंद करताना नीरजाताईंनी एक वाक्य प्रोग्रामच्या चाचण्यांत घालून ठेवले: ‘आचाऱ्यांनी आचार्यांना जेवू घातले.’ ते नीट उमटले तरच नवी आवृत्ती बाहेर पडते. हिंमतराव आता नाहीत. पण मराठीचे अक्षरही न कळणारी परदेशी मंडळी आजसुद्धा आधी पाहतात, की आचाऱ्यांनी वाढले ना? मगच पुढच्या कामाला लागतात.