मास्तरांचा ट्रे

चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या त्या कारखान्यात सोमवारी सकाळीच एक बसचालक तावातावाने शिरला आणि त्याने नवा चष्मा टेबलावर आपटला.

"दोन दिवस डोकं ठणकतंय! काल बस खांबाला घासली. कुणाला लागलं नाही, हे नशीब!"

सगळ्यांना काम शिकवणाऱ्या मास्तरांनी चष्मा नंबर तपासायच्या यंत्राखाली धरला. उजवी काच डावीकडे बसली होती, डावी उजवीकडे. या कामात अशी अदलाबदल होते, पण शेवटच्या तपासणीत ती सापडायलाच हवी.

"तपासणी आमच्या ताईंची होती," मास्तर शांतपणे म्हणाले. "मी समजावतो त्यांना."

ताई तिथेच उभ्या होत्या. तो चष्मा शुक्रवारच्या ट्रेमधला होता. शुक्रवारी दुपारी त्या लेकीच्या शाळेत गेल्या होत्या. "जा ग पोरी, तुझा चष्म्यांचा ट्रे मी तपासतो," असं म्हणून त्यांना पाठवणारे मास्तरच होते!

आणि मास्तर म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. आधी पॅकिंग करणाऱ्या ताईंना त्यांनीच हाताला धरून तपासणी शिकवली. कारखान्यात चुकांची वही त्यांनीच सुरू केली. ज्याची चूक, त्याने ती आपल्या हाताने लिहायची आणि कुणी रागवायचं नाही, हा नियम. 'आपली चूक आधी सांगतो, तोच पुढारी,' हे त्यांचं वाक्य ताई घरी लेकीलाही ऐकवत.

आज त्याच वहीत मास्तरांच्या सुंदर अक्षरात नोंद होती : 'काचांची अदलाबदल. चूक – ताई.' मागोमाग मालकांचा निरोप आला. उद्यापासून ताई पुन्हा पॅकिंगला.

जेवणाच्या सुट्टीत ताईंनी डबा उघडलाच नाही. "काका, केसाने गळा कापला हो माझा!" त्या पॉलिशवाल्या काकांना म्हणाल्या. "आता त्या वहीत मी एक अक्षर लिहिणार नाही. मास्तरच खोटे, तर वही कसली खरी?"

काका तीस वर्षं पॉलिशच्या यंत्राच्या खडखडाटात काढलेले. ते हळू बोलायचं विसरूनच गेले होते.

"मास्तर खोटं वागले. वहीने काय केलं? पहिल्या पानावर कुणाची चूक आहे, सांग."

"मास्तरांचीच."

"आणि त्यानंतर?"

ताईंनी मनातल्या मनात पानं उलटली. त्यानंतर अकरा वर्षांत मास्तरांची एकही नोंद नव्हती.

"अकरा वर्षं माणूस चुकलाच नाही? आपण कधी विचारलं? आपणच त्यांना इतकं डोक्यावर बसवलं, की त्यांना खाली उतरायची भीती वाटायला लागली. त्यांनी केलं ते वाईटच, त्याला माफी नाही. पण पोरी, ते बसवतात त्या चष्म्यांचा ट्रे तरी कुणी तपासला कधी?"

ताईंना एकदम आठवलं. तपासला होता! दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या ट्रेमध्ये अशीच अदलाबदल त्यांना सापडली होती. त्यांनी ती गुपचूप दुरुस्त केली आणि कुणाला कळू दिलं नाही.

त्या तडक उठल्या. सगळ्यांसमोर वही उघडून त्यांनी लिहिलं : 'दोन वर्षांपूर्वी मास्तरांची चूक मी झाकली, कारण ती मास्तरांची होती. ही माझी चूक. शुक्रवारची माझी नाही. त्या दुपारी मी इथे नव्हते.'

आणि वही मास्तरांसमोर ठेवली. यंत्रं एकेक करून थांबली. मास्तरांनी वाचलं. त्यांची मान वर होईना.

"मालक माझं नाव ऐकून काय म्हणतील, याचीच भीती वाटली ग," ते पुटपुटले.

"आणि माझं ऐकून म्हणतील, त्याचं काय?" ताईंचा आवाज फुटला. "तुम्हाला मी बापाच्या जागी मानत होते, मास्तर!"

मास्तरांनी ताईंचं नाव खोडलं, तिथे आपलं लिहिलं आणि वही घेऊन ते स्वतः मालकांच्या खोलीत गेले. संध्याकाळी त्यांनी चालकाला फोन करून माफीही मागितली. तपासणीचं टेबल ताईंकडेच राहिलं.

मन मात्र लगेच जुळलं नाही. विश्वास काही काचेसारखा दुसऱ्या दिवशी बदलून मिळत नाही.

मंडळी, मोठ्या माणसांकडून जरूर शिका, पण त्यांना तपासणीतून सूट देऊ नका. त्यांचा मोठेपणाही त्यातच टिकतो. आता रोज सकाळी मास्तरांचा ट्रे ताईंच्या टेबलावर येतो. आणायला दुसरं कुणी नसतं. मास्तर तो स्वतः घेऊन येतात आणि ताईंची तपासणी होईपर्यंत उभे राहतात.