मोठ्या सिस्टरांचं रिकामं पोट

दुपारी बाराला मोठ्या सिस्टरांचं स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरमध्ये आलं, तेव्हा स्टाफने फक्त सलाम ठोकायचं बाकी होतं. चाळीस वर्षं नर्स म्हणून त्यांनी या दवाखान्यावर राज्य केलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आज मात्र त्यांचं पोट टम्म फुगलं होतं. आतड्याला पीळ पडला होता, आणि तो लवकर सोडवला नाही तर आतडं काळं पडून सगळा खेळ आटोपणार होता.

भूल द्यायला होत्या भूलतज्ज्ञ बाई. त्यांना शीर शोधायला शिकवलं ते याच सिस्टरांनी, आणि चुकल्यावर चारचौघांत झाडलंही यांनीच.

"शेवटचं कधी खाल्लंत?" बाईंनी विचारलं.

"काल सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. उलटीही नाही. पोट साफ रिकामं आहे. नाकात नळीबिळी घालत बसू नकोस, सरळ झोपव."

सर्जन हातमोजे चढवून तयारच होते. "मॅडम, खुद्द सिस्टर सांगताहेत. अजून काय हवं? एकेक मिनिट महाग आहे."

मिनिटं महाग होती, हे खरंच. पण बाईंना सिस्टरांच्या कानामागे, केसांना चिकटून वाळलेलं हिरवट काहीतरी दिसलं. उलटी नाही म्हणे! आणि पीळ पडलेलं आतडं म्हणजे तुंबलेली मोरी. खाली वाट नाही म्हटल्यावर सगळं वर येणार. भूल चढली की घसा सैल पडतो. पोटातलं ते पाणी फुप्फुसात गेलं, तर ऑपरेशन झकास होऊनही माणूस हातचा जातो.

"नाकातून पोटात नळी घालून आधी ते पाणी काढणार," बाई म्हणाल्या. "दहा मिनिटं द्या. तेवढ्यात सलाइनही जाईल, बीपी पार खाली आलंय."

"मी नको म्हटलंय ना? मला शिकवतेस?" सिस्टरांचा आवाज खोल गेला होता, पण धार तीच.

या वयातही सिस्टरांची भीती वाटते, याचा बाईंना स्वतःचाच संताप आला.

"तुम्हाला काय शिकवणार? पण नळीशिवाय मी भूल देणार नाही. दुसरं कोणी मिळत असेल तर बोलवा. आणि मला झाडायचं असेल तर खुशाल झाडा, पण शुद्धीवर आल्यावर. त्यासाठी आधी शुद्धीवर यावं लागेल."

"मॅडम!" सर्जन ओरडले.

सिस्टर डोळे मिटून म्हणाल्या, "घाल."

बाईंनी नाकात बधिर करणारं औषध लावलं, सिस्टरांना उठवून बसवलं, नळी हळूहळू सरकवली. सिस्टरांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. पिशवीत हिरवट पाणी पडू लागलं आणि पडतच राहिलं. सव्वा लिटर! सर्जननी एकदा पिशवीकडे पाहिलं आणि ते मागे सरकले.

मग मात्र बाईंनी क्षण दवडला नाही. डोकं उंच, तीन मिनिटं ऑक्सिजन, घशातलं पाणी ओढून घेणारं सक्शन चालू करून उशाशी. पोटातलं वर येऊ नये म्हणून नर्सने गळ्यावर बोटं दाबून धरली. औषधं एकामागून एक गेली. तरी राहिलंसाहिलं पाणी घशाशी आलंच. बाईंनी ते ओढून घेतलं, श्वासनळीत नळी बसवली, छातीच्या दोन्ही बाजू ऐकल्या. श्वास स्वच्छ होता.

"करा सुरू," त्या म्हणाल्या. बीपी दोनदा कोसळलं, दोनदा त्यांनी औषधं वाढवून ते वर ओढलं. आतडं वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्वासाची नळी निघाली; नाकातली अजून होती. बाई झाडून घ्यायच्या तयारीनेच खाटेजवळ गेल्या.

"मी खोटं बोलले," सिस्टर घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "उलट्या चार झाल्या होत्या."

"कळलं होतं मला."

"पण का बोलले, ते नाही कळलं तुला." त्यांनी बाईंचं मनगट धरलं. "या नाकातल्या नळीला घाबरले गं. हजारो जणांना मी घातली. कोणी रडलं की दटावायचे, लहान आहात का, काही दुखत नाही." त्यांचे डोळे भरून वाहू लागले. "दुखतं गं. फार दुखतं."