चौथ्या घरावरचा चाप

माझ्या मुलीचं, ग्लेंडाचं, लग्न झालं त्याच वर्षी माझे दोघे भाऊ शेवटचे एकत्र गायले. लग्न जूनमध्ये झालं आणि गाणं ऑगस्टमध्ये मोडलं. साल १९६८.

एस्टिल थोरला, मी ऑर्फा मधली, कॉय धाकटा. एस्टिल गिटार वाजवायचा आणि गाण्याचा मुख्य आवाज त्याचा. कॉयकडे मॅंडोलिन. तो एस्टिलच्या वरच्या सुरात, त्याच्या शब्दाला शब्द चिकटवून गायचा. मी त्यांच्या मागे उभी, माझ्यापेक्षा हातभर उंच बास, जाड तारांचं ते उभं लाकडी वाद्य, धरून. त्यामुळे भावांना गाताना मी कायम पाठीमागूनच पाहिलं. एस्टिलची टोपी, कॉयचे लाल कान. ते गाताना कसे दिसायचे असं कुणी विचारलं तर मला त्यांच्या पाठीच सांगता येतात.

त्या वेळी सगळ्यांना मिळून एकच माईक असे. ज्याची पाळी तो पुढे सरकायचा आणि त्याचं वाजवून झालं की मागे व्हायचा. आमच्यातला डॉर्सी फिडल, म्हणजे व्हायोलिन, घेऊन आत शिरला की कॉय बाजूला, बॅंजो आत आला की डॉर्सी मागे. कुणी कुणाला धडकत नसे, कुणी कुणाकडे बघतही नसे. धृपद आलं की दोघे भाऊ गालाला गाल लावून माईकपाशी यायचे. एस्टिल उजवीकडे, कॉय डावीकडे. त्यांची डोकी जवळ आली की माझ्या हाताखालची बासची लाकडी पाठ थरथरायची. हे मी कुणाला सांगितलं तर हसतील, पण थरथरायची.

शाळांमधून गायलो, कोर्टाच्या आवारात गायलो. मोटारीत बसून सिनेमा बघतात त्या मैदानात, सिनेमाच्या आधी, खाण्याच्या दुकानाच्या छपरावर चढून गायलो. तिथे लोक टाळ्यांऐवजी भोंगे वाजवायचे. बास दोर बांधून वर ओढावा लागे. एकदा दोर धरून दमलेला डॉर्सी म्हणाला, "आधी ऑर्फाला ओढा रे. बास तिच्या मागून येतो आपोआप." पहाटे रेडिओवर गाऊन एस्टिल तसाच कोळशाच्या खाणीत उतरायचा. आम्ही गाडीत पाव आणि बोलोनीच्या, म्हणजे मांसाच्या, चकत्या खायचो. कॉय पावाच्या कडा काढून माझ्या मांडीवर टाकायचा, आणि मी त्या खायचे.

बास वाजवणाऱ्याने विदूषक व्हायचं अशी आमच्याकडे रीत होती. मी पुढचा दात काळा करायचे, नवऱ्याचे बूट घालायचे आणि 'मावशीबाई' होऊन मध्येच पुढे येऊन काहीतरी बडबडायचे. लोक मला बघताच हसायला लागत. त्या ऑगस्टमध्ये हेच नडलं.

आमचं सगळ्यात मागितलं जाणारं गाणं आईकडून आलेलं होतं, पुरात वाहून गेलेल्या पुलाचं. गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या कांड्यांनी घरं पाडलेली असतात, त्यांवर चाप लावतात. चाप जितक्या वरच्या घरात, तितकी गाण्याची पट्टी चढी. पुलाचं गाणं आम्ही चौथ्या घरावर चाप लावून म्हणायचो. त्या पट्टीत कॉयचा आवाज अशा जागी जायचा की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळे मिटून घेत. पण कॉय चाळिशीला आला होता. त्या उन्हाळ्यात तालमीला त्याचा आवाज दोन वेळा फाटला. कॉय म्हणाला, धूळ गेली घशात. एस्टिलने पुढचं गाणं सुरू केलं.

ऑगस्टमध्ये एका मैदानात कार्यक्रम होता, तिथे रंगमंचावर चढता चढता एस्टिलने चाप दुसऱ्या घरावर आणून ठेवला. कुणाला सांगितलं नाही. धाकट्याला चार लोकांत सांगायचं कशाला, तो ऐकून घेईल आणि जुळवून घेईल, असा त्याचा हिशेब. मला मागून त्याची पाठ दिसत होती, चाप दिसत नव्हता.

गाणं कॉयची मॅंडोलिन सुरू करायची. त्याने नेहमीच्या पट्टीत सुरू केलं. मी आणि डॉर्सी त्याच्याबरोबर गेलो आणि एस्टिलची गिटार भलत्याच पट्टीत येऊन पडली. असा काही आवाज झाला की मैदान हसलं. मी काळा दात घेऊन मागे उभी, लोकांना वाटलं हा विनोदाचाच भाग. आम्ही थांबलो. एस्टिल कॉयच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "खाली घे रे. तुझा आवाज फाटतोय ना वर."

माईक एकच होता आणि त्यांच्या तोंडापाशी होता. झाडांवर बांधलेल्या कर्ण्यांतून ते वाक्य सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. आधीचं हसू अजून विरलं नव्हतं, त्यात हे. लोक आणखी हसले.

कॉयने मॅंडोलिन पुन्हा जुन्याच पट्टीत सुरू केली. एस्टिलला चाप वर न्यावा लागला. धृपदात कॉय गेला वर, आणि नेमका तिथेच त्याचा आवाज फाटला. त्याने गाणं संपवलं, टोपी काढून लोकांना वाकला, मॅंडोलिन पेटीत ठेवली आणि दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून घरी गेला.

हिवाळ्याच्या आत तो बायकोमुलांना घेऊन ओहायोत गेला. डेटनमध्ये कारखान्यात लागला. आपल्या दरीतली अर्धी माणसं कामासाठी तिथेच गेलेली होती, गाणारे वाजवणारे मिळाले, शनिवारी कुठल्यातरी दारूच्या गुत्त्यात वाजवू लागला. आई गेली तेव्हा आला. दोघे भाऊ शवपेटीच्या दोन बाजूंना उभे राहिले. चर्चमध्ये सगळे आईचं आवडतं भजन म्हणत होते तेव्हा दोघांचीही तोंडं बंद.

एस्टिल गात राहिला, पण माईकच्या डावीकडे कुणाला उभं राहू दिलं नाही. एकदा टेनेसीहून आलेला एक चांगला गाणारा धृपदाला पुढे सरकला. एस्टिल त्याला म्हणाला, "माफ कर हं, ती जागा भरलेली आहे." तो बिचारा इकडेतिकडे बघत मागे गेला.

मग खाणीच्या धुळीने एस्टिलची छाती धरली. जिना चढताना तो मध्ये थांबून भिंतीवरची चित्रं बघितल्यासारखं करायचा. १९८७ च्या सप्टेंबरात नदीकाठच्या मैदानात जुन्या गायकांचा मेळा भरला. फाटकावरच्या पाटीवर माझ्या नातीने मला नावं वाचून दाखवली. एस्टिलचं नाव होतं आणि खाली, डेटनच्या बॅंडबरोबर, कॉयचंही. जुन्या रीतीने सगळ्यांना एकच माईक, असंही लिहिलं होतं.

एस्टिलने मला रंगमंचामागे गाठलं. "त्याला सांग, मी पुलाचं गाणं म्हणणार आहे. डावीकडची जागा त्याचीच आहे."

"तूच जाऊन सांग की."

"एवढं चाललो तर गायला दम उरणार नाही. जा गं."

कॉय गाड्या लावलेल्या शेतात, हिकरीच्या झाडाखाली, एका ट्रकच्या फळीवर बसून वाजवत होता. केस सगळे पांढरे, कान तेवढे लाल. मला बघून त्याने तारांवर हात ठेवला.

"आली का मावशीबाई! काळा दात कुठाय?"

"आता खराच पडला. रंगाची कटकट गेली."

तो हसला. मग म्हणाला, "त्याने पाठवलं तुला?"

"हो. पुलाचं गाणं म्हणायचंय त्याला. तुझी जागा ठेवलीय म्हणाला."

"आत्ता आठवली होय माझी जागा?"

"दिलीच नाही त्याने कुणाला. विचार डॉर्सीला."

कॉयने मॅंडोलिनची खुंटी पिळली, तार वाजवून बघितली, पुन्हा पिळली. "चाप कुठे लावणार आहे?"

"कॉय, त्याची छाती बरी नाही."

"खाणीत गेलेल्या कुणाची बरी आहे? चाप कुठे लावणार ते विचारून ये. चौथ्या घरावर लावणार असेल तर मी येतो. दुसऱ्यावर लावून मला सांभाळून घेणार असेल तर त्याला म्हणावं, माझं सॅंडविच खायचं राहिलंय."

त्याने एस्टिलला कित्येक वर्षांत गाताना ऐकलं नव्हतं. त्याच्या डोक्यात एस्टिल अजून छपरावरचा एस्टिल होता.

मी परत आले. एस्टिल दुधाच्या बाटल्यांच्या उलट्या खोक्यावर बसला होता. "काय म्हणालं गाढव?"

"चौथं घर म्हणतोय."

एस्टिल हसायला लागला आणि हसण्याचा खोकला झाला. डॉर्सी म्हणाला, "तू हल्ली घरात बसून बिनचापाचं म्हणतोस, तेही अर्धं. चौथ्या घरावर मरशील."

"तू फिडल बघ."

त्याने चाप चौथ्या घरावर नेला आणि अंगठ्याने दाबून बसवला. "येईल ना गं?"

"येईल," मी म्हटलं. मी झाडाकडे वळून हाताची चार बोटं वर केली. दुरून कॉयने मान हलवली आणि फळीवरून खाली उतरला.

एस्टिल माईकसमोर गेला आणि उजवीकडे उभा राहिला. डावीकडे माणूसभर जागा मोकळी. तो डोळे मिटून गायचा, तसे मिटले. डॉर्सीने सुरुवात केली. पहिली ओळ एस्टिलने कशीबशी उचलली. पुढच्या रांगेतले जुने लोक ओळखून टाळ्या वाजवू लागले. दुसऱ्या ओळीत श्वास घेताना त्याचे खांदे वर गेले ते मला दिसले. तिसऱ्या ओळीत शब्द निम्मे आले.

तेवढ्यात रंगमंचाच्या बाजूच्या पायऱ्यांवर कॉय दिसला. मॅंडोलिन छातीशी, एक पाय दुसऱ्या पायरीवर. धृपदाला त्याने दोन ढांगांत माईकपाशी पोचायचं होतं. तो एस्टिलकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

धृपदाच्या तोंडाशी एस्टिलचा दम तुटला. तोंड उघडलं, आवाज आला नाही. तो माईकवरून थोडा बाजूला झाला, डोळे मिटलेलेच, आणि डावीकडची जागा तशीच. कॉयचा सूर एस्टिलच्या सुरावर बसायचा. खालचा सूरच नाही म्हटल्यावर त्याचा एकट्याचा आवाज उंच, उघडा निघाला असता, आणि एस्टिल संपला हे कर्ण्यांतून मैदानभर ऐकू गेलं असतं. कॉयने पाय मागे घेतला. मला हाक मारावीशी वाटली, पण माझे हात बासवर होते आणि माझ्यासमोर माईक होता. डॉर्सी झटकन आत शिरला आणि धृपद फिडलवर वाजवलं. लोकांना वाटलं असंच ठरलेलं होतं. एस्टिलने डोळे उघडले तेव्हा पायऱ्यांवर कुणी नव्हतं.

बास आडवा ठेवून मी धावले. कॉय ट्रकपाशी पेटीची कडी लावत होता.

"त्याला सांगू नकोस मी आलो होतो म्हणून," तो म्हणाला.

"का?"

"मी बघितलं हे कळलं तर त्याला सोसणार नाही. मला ठाऊक आहे ना कसं लागतं ते."

"आणि तू आलाच नाहीस हे सोसेल?"

त्याने पेटी ट्रकमध्ये ठेवली. त्याच्याबरोबरच्या माणसाने गाडी सुरू केली आणि ते गेले.

मी मात्र एस्टिलला घरी जातानाच गाडीत सांगितलं. दोघांचं एकमेकांना हे असलं जपणं मी पुरेसं पाहिलं होतं. त्याने खिडकीतून नदीकडे बघतच विचारलं.

"कुठल्या पायरीवर होता?"

"दुसऱ्या."

"पाय वर टाकला होता?"

"टाकला होता. मग मागे घेतला."

"मूर्ख," एस्टिल म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "आमच्या घरात सगळे तसेच." पूल ओलांडल्यावर पुन्हा बोलला. "त्याला फोन कर. नोव्हेंबरात थॅंक्सगिव्हिंगच्या सणाला तुझ्याकडे जेवायला ये म्हणावं. मॅंडोलिन घेऊन ये. स्वयंपाकघरात बसून म्हणू. चाप नाही, काही नाही. जमेल त्या पट्टीत."

मी फोन केला. कॉयने आधी जेवणाचंच विचारलं.

"मक्याचा ब्रेड करशील?"

"करीन."

"माईक नाही ना?"

"माझ्या स्वयंपाकघरात माईक कुठून येणार रे?"

"मग येतो."

तो आला नाही. थॅंक्सगिव्हिंगला अडीच आठवडे असताना, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, तो बाकावर बसल्या बसल्या एका कुशीला कलला. हृदय बंद पडलं होतं. दोघांपैकी धडधाकट तोच होता, म्हणून ही बातमी मला फोनवर दोनदा विचारून घ्यावी लागली.

थॅंक्सगिव्हिंगला एस्टिल तरीही आला, गिटार घेऊन. जेवण झाल्यावर चुलीशी खुर्ची ओढून त्याने चाप न लावता, अगदी खालच्या पट्टीत पुलाचं गाणं सुरू केलं. त्या पट्टीत त्याला दम पुरत होता. मी त्या दिवशी त्याच्या समोर बसले होते. गाताना त्याचा चेहरा कसा होतो ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. धृपद आलं तसं त्याने डोकं थोडं डावीकडे झुकवलं आणि थांबला. मग गिटार पेटीत ठेवली आणि माझ्याकडे आणखी एक कप कॉफी मागितली.

कॉय ९ नोव्हेंबर १९८७ ला, सोमवारी, डेटनमध्ये वारला. एस्टिल १९८९ च्या जानेवारीत घरीच वारला.